पुलाला निदान नदीचं नाव तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत एकतीस वर्षं चालक होतो. नागपूरहून भंडारा, सिवनी, उमरेड-ब्रह्मपुरी, आणि शेवटची काही वर्षं अहेरीची लांब पल्ल्याची गाडी. २०२२ साली निवृत्त झालो. या काळात कन्हान आणि वैनगंगा किती वेळा ओलांडली याचा हिशेब लागणार नाही. पण संपादक साहेब, या नद्या मी पाहिल्या नव्हत्या. पूल आला की चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर दोन कठड्यांच्या मधल्या पट्टीवर. पुलावर ओव्हरटेक करायचं नाही, थांबायचं नाही, समोरून ट्रक येतो का आणि सायकलवाला कुठं आहे एवढंच पाहायचं. मागं बाया हात जोडायच्या, खिडकीतून नाणं टाकायच्या, ‘वैनगंगा माय’ म्हणायच्या. मला ते फक्त ऐकू यायचं.

गेल्या महिन्यात मुलीनं सुट्टी काढली. म्हणाली, “बाबा, गाडी मी चालवते. तुम्ही डावीकडं बसा आणि बघा.” तीन दिवस आम्ही फिरलो, रोज रात्री घरी परत. सोबत एक दोनशे पानी वही घेतली होती. प्रत्येक पुलाला एक पान: नदी कोणती, पूल कसा, आठवण काय. त्या वहीमुळं हे पत्र लिहितो आहे.

पहिलं पान पंचशील चौकातल्या नाग नदीवरच्या पुलाचं. मी नागपूरचा माणूस, त्या चौकातून आयुष्यभर गेलो, पण तिथं पूल आहे हे मला २३ सप्टेंबर २०२३ नंतर कळलं. त्या रात्री काही तासांत पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि हा पूल खचला. मग कित्येक महिने झाशी राणी चौकाकडचा रस्ता बंद होता. रस्ता बंद झाला तेव्हा शहराला कळलं की आपण रोज एका नदीवरून जात होतो. जिच्या नावावरून गावाला नागपूर म्हणतात, तिला आपण नाला म्हणतो. एवढंच लिहून पान उलटलं, पण हे पाणी पुढं दोन दिवस आमच्यासोबत राहणार होतं, ते मला तेव्हा सुचलं नव्हतं.

शहरातल्या बाकीच्या पुलांवर मी फार लिहिलं नाही. रेल्वे स्टेशनजवळच्या रामझुला उड्डाणपुलाचे केबल सगळ्यांनी पाहिले आहेत. लोहापुलाचं, म्हणजे वर रेल्वे आणि खाली रस्ता असलेल्या जुन्या पुलाचं, नाव पत्त्यात, रिक्षात, सगळीकडं चालतं; पावसाळ्यात खाली पाणी साचलं की बातमी होते. वर्धा रोडवर छत्रपती चौकात एक उड्डाणपूल होता, त्यावरून मी गाडी नेलेली आहे. मेट्रोसाठी २०१६ मध्ये तो पाडला. आज तिथं उभं राहून मुलीला दाखवायचं म्हटलं तर एक खूणही नाही. शहराला नवं हवं असतं हे मला कळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथं पूल होता एवढं सांगणारा एक दगड ठेवायला काही जड जात नव्हतं.

गड्डीगोदामला मात्र मुलीनं गाडी बाजूला घेतली. तिथं खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. चार थर एकावर एक. रेल्वेवरून टाकलेला पोलादी सांगाडा १,६५० टनांचा आहे, आणि कामठी रोडवरचा हा दुमजली पूल साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. मी खाली उभा राहून मान वर करून पाहत होतो. एक मालगाडी गेली, तिच्या डोक्यावरून मेट्रो गेली. ज्यांनी हे चालत्या रेल्वेवर उभं केलं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

कामठीला कन्हान नदीचा जुना दगडी पूल आहे. इंग्रजांच्या काळातला, कमानींचा. मला या पुलाबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण मी हा पूल डोळ्यांनी नाही, कानानं ओळखत होतो.

काँक्रीटच्या पुलावर दर थोड्या अंतरावर सांधा असतो. उन्हानं काँक्रीट फुगतं, थंडीनं आक्रसतं, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून दोन गाळ्यांमध्ये (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग) फट ठेवावी लागते. चाक त्या फटीवरून गेलं की धड्-धड् आवाज येतो. रात्रीच्या गाडीला झोपलेला वाहकसुद्धा त्या आवाजानं कोणता पूल आला ते सांगायचा. दगडी कमानीला असा सांधा नसतो. दगड दगडाला रेटून धरतो, वरचं ओझं कमानीतून खाली खांबांत आणि खांबातून जमिनीत जातं. त्यामुळं कन्हानच्या जुन्या पुलावर गाडी चढली की आवाज एकदम बदलायचा. चाकाखाली एकसारखी घरघर, मध्ये खंड नाही. पूल अरुंद होता, समोरून ट्रक आला तर आरसा वाचवावा लागायचा, पण तो एकसंध आवाज मला आवडायचा.

यावेळी पहिल्यांदा मी नदीच्या पात्रात उतरून त्या कमानी खालून पाहिल्या. दगड किती नीट घडवलेला आहे! एकेका दगडाची कड अजून कळते. कमानीच्या पोटात पाकोळ्यांची घरटी होती. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही इतकी वर्षं यावरून गेलात?” मी म्हणालो, हो, आणि आज पहिल्यांदा भेटतो आहे. कामठीची छावणी १८२१ ची. छावणीमुळं हा रस्ता महत्त्वाचा झाला, आणि रस्त्यामुळं पूल. आता शेजारी नवा पूल झाला आहे. जड वाहनं तिकडून जाणं योग्यच. पण जुन्या पुलावर संध्याकाळी माणसांना पायी फिरू द्यावं, दोन्ही टोकांना वाहनं अडवून बसायला बाक टाकावेत, असं मला फार वाटतं. छिंदवाड्याच्या डोंगरातून येणारी ही नदी नागपूरला पाणी पाजते. ते पाणी पिणाऱ्या मुलांना ही नदी वरून शांतपणे पाहता येईल अशी याहून चांगली जागा नाही.

कन्हान सोडून मनसरमार्गे आम्ही खवासाच्या दिशेनं निघालो. तिथला पूल माझ्या वहीतला सगळ्यात वेगळा पूल आहे, आणि त्याच्याकडं सगळ्यात कमी लोकांचं लक्ष जातं. कारण त्याच्याखाली नदी नाही.

पेंचच्या जंगलातून जाणारा हा रस्ता पूर्वी सात नंबरचा हायवे होता, आता ४४ नंबरचा. सिवनीच्या गाडीवर असताना हा टप्पा मी रात्री जीव मुठीत धरून चालवायचो. दिव्याच्या झोतात अचानक चितळांचे डोळे चमकायचे. माझ्या गाडीखाली एकदा एक चितळ आलं. मादी होती. मी आणि वाहकानं तिला ओढून कडेला ठेवलं, प्रवासी खाली उतरून गप्प उभे राहिले. ते मी कधी विसरलो नाही. पुढं रस्ता चौपदरी करायचा ठरला तेव्हा प्राण्यांचं काय, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं, अनेक वर्षं वाद चालला. त्यातून जो मार्ग निघाला तो असा: गाड्यांनी वरून जायचं, प्राण्यांनी खालून. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत, काही ५० मीटर लांबीच्या, सगळ्यात मोठी ७५० मीटरची. तिथं रस्ता खांबांवर उचललेला आहे आणि खाली जंगलाची जमीन जशीच्या तशी मोकळी. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले. वाघासकट अनेक प्राणी खालून ये-जा करताना त्यात दिसले.

वरून जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. आम्ही गेलो तेव्हा पुढची-मागची एकही गाडी हळू झाली नाही. तिथं थांबायला परवानगी नाही आणि असूही नये, खाली उतरून पाहणं तर दूरच. पण पुलाच्या सुरुवातीला एक पाटी ठळक अक्षरांत हवी: ‘आपण वन्यप्राण्यांच्या वाटेवरून जात आहात.’ गाडीतल्या पोरानं ती वाचून वडिलांना विचारलं पाहिजे की म्हणजे काय. मी त्या चितळाची गोष्ट मुलीला तिथंच सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, फक्त गाडीचा वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी भंडारा. मौद्याला पुन्हा कन्हान ओलांडली. इथं मला एक गोष्ट लक्षात आली ती मुद्दाम लिहितो. एसटीच्या चालकाची जागा उंच असते. मान वळवायची सोय असती तर मला नदी दिसली असती. मुलीची गाडी बुटकी आहे. आणि नव्या पुलांचे कठडे भरीव काँक्रीटचे. गाडी पुलावरून बाहेर जाऊ नये म्हणून ते तसे असतात, जीव वाचतात, त्यात बदल करा असं मी म्हणणार नाही. पण परिणाम असा की छोट्या गाडीत बसलेल्या माणसाला पाणी दिसतच नाही. आडवी राखाडी भिंत येते, संपते, आणि नदी गेली. मागच्या सीटवर बसलेल्या लहान मुलाला आपण नदी ओलांडली हे कळायला आता एकच उपाय उरला आहे, पुलाच्या तोंडाशी नदीच्या नावाची पाटी. कित्येक ठिकाणी ती आहे. कुठं बाभळीनं झाकलेली, कुठं त्यावर कोणाच्या वाढदिवसाचा फलक. माझ्या वहीत पुष्कळ पानांवर नावाच्या जागी नुसती रेघ आहे. लहान पुलांवर आकडा रंगवलेला असतो, समजा ४५/२. म्हणजे पंचेचाळिसाव्या किलोमीटरमधला दुसरा. हा आकडा खात्याच्या कामाचा आहे. पण खालून वाहणाऱ्या नाल्याला गावातली माणसं काहीतरी नाव घेऊन हाक मारतातच ना?

भंडाऱ्याच्या पुढं कारध्याला वैनगंगेवर जुना पूल आहे. सगळे त्याला ‘लहान पूल’ म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रात पावसाळ्यात दर दोन-चार दिवसांनी त्याचं नाव येतं, कारण नदीची पातळी तिथं मोजतात. धोक्याची पातळी २४५.५० मीटर. भंडाऱ्यात तिसरी-चौथीतल्या पोराला हा आकडा पाठ असतो. आम्ही पुलाजवळ बसून डबा खाल्ला. जवळच एक म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमार, जाळं दुरुस्त करत होते. मी विचारलं, २०२० ला कुठपर्यंत आलं होतं पाणी? त्यांनी जाळं खाली ठेवलं, हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणाले, “लहान पुलावरून पानी गेलं का आमी समजतो, आता घरातलं सामान वर उचलाचं. पन त्या सालले उचलाले टाइमच नाही भेटला.”

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. मी त्या आठवड्यात भंडाऱ्याची गाडी घेऊन निघालोच नव्हतो, गाड्या बंद होत्या. म्हणून त्या म्हाताऱ्यांचं बोलणं मला नवं होतं. त्यांच्या दृष्टीनं तो पूल म्हणजे रस्ता नाही, माप आहे. बापजाद्यांपासून नदीचा राग मोजायची ती पट्टी आहे. तो पूल आता वाहतुकीच्या उपयोगाचा नाही म्हणून उद्या कोणी काढून टाकायचं म्हटलं, तर काठावरच्या माणसांचं माप हरवेल. जुने पूल कोणत्या कामाला येतात ते ठरवताना काठावर राहणाऱ्यांना विचारावं. पुलावर दगडात पुराच्या रेषा कोरून ठेवाव्यात: या साली इथवर, त्या साली तिथवर.

पाण्याखालच्या पुलांविषयी चालक म्हणून दोन शब्द बोललंच पाहिजे. आमच्याकडं कमी उंचीच्या पुलाला रपटा म्हणतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, हा नियम आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात. पण पाणी गढूळ असतं, खालचा डांबरी रस्ता दिसत नाही, कडेचा पांढरा रंगवलेला दगड बुडालेला असतो, मागं पन्नास माणसं घरी जायची वाट पाहत असतात. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली, माणसं गेली. त्यानंतर मी रपट्यापाशी गाडी उभी केली की एकही प्रवासी बोलायचा नाही. रपट्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यावर पातळीचे आकडे आणि रात्री चमकणारा रंग, एवढं केलं तरी चालकाचा निर्णय सोपा होतो. आधी अहेरीच्या गाडीवर असताना तिकडच्या चालकांकडून भामरागडच्या पर्लकोटा नदीच्या पुलाबद्दल ऐकायचो. पावसाळा आला की तो बुडायचा आणि भामरागडचा संपर्क तुटायचा, एका हंगामात कित्येकदा. तिथं उंच पुलाचं काम हाती घेतलं गेलं हे वाचून मला जो आनंद झाला तो नागपुरातल्या कोणत्याही उड्डाणपुलानं झाला नव्हता.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्रही लिहितो. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला, १९२८ चा दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या त्यासोबत गेल्या. सकाळी आमच्या विश्रांतिगृहात बातमी आली तेव्हा चहाचे कप तसेच राहिले. कोकणातल्या त्या चालकांना आमच्यातलं कोणी ओळखत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात एकच आलं: अंधारात, पावसात, समोर रस्ता आहे असं समजून मीही गेलो असतो. तिथं नवा पूल विक्रमी वेळात उभा राहिला, १६५ दिवसांत. मागच्या वर्षी १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. पूल एकाएकी पडत नाही. पुराचं पाणी पायथ्याची माती खरवडत नेतं, पाया उघडा पडतो, वरून काही दिसत नाही. पात्रातली वाळू उपसली की हे आणखी लवकर होतं, म्हणून पुलाजवळ वाळू उपसायला बंदी आहे. पण खाली उतरून पाहिल्याशिवाय हे कोणाला दिसणार? मी एकतीस वर्षं वरून गेलो, मला दिसलं नाही. या तीन दिवसांत जिथं उतरता आलं तिथं मी खाली उतरलो.

कारध्याहून त्याच दुपारी आम्ही अंभोऱ्याला पोहोचलो. कुही तालुक्यातलं हे ठिकाण पाच नद्यांच्या संगमाचं, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. पूर्वी इथून पलीकडं भंडारा जिल्ह्यात जायचं तर डोंग्यात बसावं लागे. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागं तुंबल्यापासून नदी समुद्रासारखी पसरली आहे. २०२४ पासून तिच्यावर केबलांवर टांगलेला पूल आहे, सातशे मीटरच्या आसपास लांब, आणि मनोऱ्यात चाळीस मीटर उंचीवर लोकांनी नदी पाहावी म्हणून गॅलरी. मला या कल्पनेचं फार बरं वाटलं. सुरुवातीपासून ‘लोक इथं थांबून पाहतील’ असा विचार करून बांधलेला एवढा मोठा पूल मी दुसरा पाहिला नव्हता. गर्दी होती, फोटो चालले होते, भुट्टेवाला होता.

तिथं मला नागपूरच्या पहिल्या पानाची आठवण झाली. पंचशील चौकातली नाग नदी पुढं जाऊन कन्हानला मिळते. ती कन्हान, जी कामठीला दगडी कमानीखालून वाहते आणि मौद्याला काँक्रीटच्या कठड्याआड लपते, ती इथं अंभोऱ्याला वैनगंगेत येते. म्हणजे आम्ही दोन दिवस एकाच पाण्याच्या मागं फिरत होतो. आपण घरातून सोडलेलं सांडपाणीही त्याच वाटेनं इथवर येतं, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. पुलावर उभ्या असलेल्या त्या शेकडो माणसांत नागपूरची खूप होती. खालचं पाणी कुठून आलं हे त्यांना सांगणारा एक नकाशा तिथं लावला तर? एका पाटीवर पाच नद्यांची नावं, त्यांचे उगम, आणि नाग नदीची एक बारीक रेघ. मी मुलीला वहीत तो नकाशा काढायला लावला. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

तिसऱ्या दिवशी उमरेड, भिवापूर, नागभीड. या रस्त्यानं जाताना छोट्या रेल्वेची आठवण येणार हे ठरलेलंच होतं. माझं सासर भिवापूरकडचं. लग्न झाल्यावर आम्ही इतवारीहून त्या नॅरोगेजनं गेलो होतो. रूळ जेमतेम अडीच फुटांच्या अंतराचे, डबे बुटके, आणि नाल्यावरचे पूल इतके अरुंद की खिडकीतून खाली पाहिलं तर कठडा नाहीच, सरळ पाणी. माझी बायको घाबरून माझा हात धरून बसली होती. ती गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. मोठी रेल्वे हवीच, त्या भागातल्या शेतकऱ्याच्या मिरचीला तिचा उपयोग आहे. पण त्या छोट्या पुलांपैकी एक गाळा, दोन दगडी खांब आणि वरचा लोखंडी गर्डर, उमरेडला किंवा नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात आणून उभा करावा. तिथं जुनी इंजिनं आहेत, डबे आहेत. पूल नसेल तर गाडी कशावरून जात होती हे मुलांना कसं कळेल? माझी बायको आता नाही. नागभीडच्या अलीकडं एका नाल्यापाशी मी मुलीला थांबायला सांगितलं आणि आम्ही दोघं तिथं थोडा वेळ उभे राहिलो.

आता मागणी. पुलाच्या दोन्ही तोंडांशी गुडघ्याएवढा एक दगड असावा. त्यावर नदीचं किंवा नाल्याचं गावातलं नाव, पूल कोणत्या साली बांधला, लांबी किती, आणि शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली. तपासणीची तारीख तिथं रंगवायची, दर वर्षी बदलायची. खर्च एका डब्बा रंगाचा. मोठ्या पुलांवर हे आधी करावं असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, साठ मीटरहून लहान पुलांपासून सुरू करा, कारण मोठ्या पुलावर लक्ष ठेवणारे खूप असतात. गावातल्या शाळेतल्या मुलांनी नाल्याचं नाव विचारून आणायचं, ग्रामपंचायतीनं ते ठरावात लिहायचं, बांधकाम खात्यानं दगडावर कोरायचं. आणि आपण, संपादक साहेब, पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्याला एका पुलाची अर्ध्या रकान्यात माहिती छापावी. पूल चांगला असताना छापावी. आपल्या वाचकांत निवृत्त मिस्त्री आहेत, मुकादम आहेत, रेल्वेचे गँगमन आहेत, आमच्यासारखे चालक-वाहक आहेत. त्यांनी पूल बांधताना, सांभाळताना, पुरात अडकताना जे पाहिलं ते त्यांच्याच तोंडून घ्या. त्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून हे याच वर्षी सुरू व्हावं.

माझी वही मी आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यात पंचशील चौकापासून नागभीडपर्यंतच्या पुलांची पानं आहेत, मुलीनं काढलेला पाच नद्यांचा नकाशा आहे, आणि कारध्याच्या म्हाताऱ्यांनी दाखवलेली पुराची उंची मी माझ्या उंचीशी मोजून लिहिली आहे. हवी ती पानं झेरॉक्स करून घ्यावीत. मूळ वही मात्र मला परत हवी, कारण पुढच्या महिन्यात आम्ही वर्धा नदीवरचे पूल पाहायला निघणार आहोत आणि तिची अर्धी पानं अजून कोरी आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक
मानेवाडा, नागपूर